मुंगी ऐकत नाही

सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी जॉबर नातीला झोपू न देण्याच्या कामाला लागलेले होते. स्वयंपाकघरातला दिवा लावलेला, फरशीवर सतरंजी, आणि सतरंजीवर स्टीलचे दोन डबे, लाकडी चमचा, झाकण नसलेली प्लास्टिकची बरणी आणि दहा महिन्यांची मुलगी. मुलीला झोप हवी होती. बसल्या बसल्या ती एका बाजूला कलायची, पापण्या खाली यायच्या, की जॉबर काखेत हात घालून तिला उभी करायचे. मग ती गुडघे वाकवून पुन्हा बसकण मारायची आणि आजोबांकडे बघत राहायची. रोज थोपटून झोपवणाऱ्या माणसाचं आज काय बिनसलंय, हे तिला कळत नव्हतं.

"मुंगे, ऊठ! झोपायचं नाही!"

"बाबा, अख्खी गल्ली उठेल," आतल्या खोलीतून सून म्हणाली. ते ऐकू गेलं नाही, म्हणून ती दारात आली आणि तेच मोठ्याने म्हणाली.

"गल्लीची तपासणी नाही आज. हिची आहे."

तपासणी कानांची होती, आणि ती झोपेत करायची होती. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात, आणि तो आवाज मेंदूपर्यंत पोहोचला की नाही हे पडद्यावरची रेघ सांगते. मूल हललं, रडलं, की रेघ बिघडते. झोपेचं औषध शक्यतो देत नाहीत. म्हणून तपासणी केंद्राने सांगितलं होतं, की पहाटे उठवा, मधे झोपू देऊ नका, दूध इथे आल्यावरच पाजा, म्हणजे इथे गाढ झोपेल. मागच्या आठवड्यात हे सगळं केलं होतं. मुंगी बसमध्ये झोपली, सगळा रस्ता झोपली आणि केंद्राच्या पायरीवर जागी झाली ती एकदम ताजीतवानी. नंतर दोन तास तिने त्या खोलीतल्या प्रत्येक तारेची चव घ्यायचा प्रयत्न केला. तपासणी झाली नाही.

जॉबर हे त्यांचं नाव नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करणाऱ्या आणि विणकरांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला जॉबर म्हणतात. हे काम त्यांनी जन्मभर केलं. कारखाना सुटला, नाव राहिलं आणि कान गेले. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ओठांवरून ओळखावं लागतं. ती सवय घरी आली. बायको होती तोवर तिने त्यांच्यासाठी आवाज चढवला, ती गेल्यावर मुलाने चढवला, लग्न होऊन आलेल्या सुनेने महिन्याभरात चढवला. त्या घरात कुणी भांडत नसे, पण जिन्यावरून जाणाऱ्याला कायम वाटे की आत भांडण पेटलंय.

मुलगा फ्रिज दुरुस्त करतो, त्याला दिवसभर फिरती असते. सून बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. मुंगी सहा महिन्यांची झाली, सुनेची रजा संपली, आणि पोरीला सांभाळायचं काम जॉबरांकडे आलं. त्यांनी ते मागाच्या दुरुस्तीसारखं अंगावर घेतलं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंजाच्या पट्ट्या लावल्या, खालच्या कपाटांना कड्या ठोकल्या, प्लगच्या भोकांना टोप्या बसवल्या. कुणीतरी भेट दिलेला वॉकर त्यांनी माळ्यावर टाकला. दार जिन्याच्या तोंडाशी असताना अशी गाडी घरात नको, हे त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावर दोन दिवस वाद झाला. मुलगी रांगायला लागली आणि जमिनीवर दिसेल ते उचलून तोंडात घालायला लागली. भाताचं शीत, धागा, चपलेचा बंद, मेलेला डास. तेव्हापासून ती मुंगी.

तिच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, "बडबड करते का?"

"दिवसभर!" जॉबर म्हणाले होते. "तोंड मिटत नाही."

ते खोटं बोलले नव्हते. तिचं तोंड मिटत नव्हतं हे त्यांना दिसत होतं. त्या तोंडातून काय येतं हे मात्र त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि हे डॉक्टरांना सांगायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी "छान" म्हटलं.

मुंगी आठ महिन्यांची झाली तेव्हा जॉबरांनी कानाचं मशीन घेतलं. इतकी वर्षं ते टाळत होते, पण सून म्हणाली, "बाबा, ती पलीकडच्या खोलीत रडली तर तुम्हाला कळणार कसं?" मशीन आलं. पहिले दोन दिवस त्यांनी नळाच्या आवाजाचीसुद्धा तक्रार केली. तिसऱ्या दिवशी मुलगा नेहमीसारखा ओरडून काहीतरी म्हणाला, तेव्हा ते म्हणाले, "ओरडतोस काय? बहिरा आहे का मी?" सगळे हसले. त्या दिवसापासून घराचा आवाज खाली आला. सुनेच्या डोकेदुखीच्या गोळ्या कमी झाल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात थांबवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?"

मशीन लावल्यावर जॉबरांना पहिल्यांदा कळलं की मुंगी बडबड करत नाही. ती किंचाळते, हुंकारते, लांबच लांब "आ" काढते. शेजारणीचा तिच्याच वयाचा मुलगा "बाबाबा", "ददद" करत असे. मुंगीच्या तोंडात तसलं काही नव्हतं. पण जॉबरांनी ते मनावर घेतलं नाही. प्रत्येक पोराची आपली तऱ्हा, एवढं म्हणून सोडून दिलं.

मग जिन्याचा प्रसंग घडला. दार उघडं राहिलं होतं आणि मुंगी रांगत उंबऱ्याकडे निघाली होती. जॉबर मागे खुर्चीत बसून मटार सोलत होते. ते साध्या आवाजात म्हणाले, "मुंगे, नाही." ती थांबली नाही. "मुंगे, इकडे ये." ती उंबऱ्यावर पोहोचली. मटार जमिनीवर सांडत जॉबर धावले, तिला उचललं आणि तिच्या हातावर हलकी चापट मारली. ती रडली नाही. दचकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. जॉबरांना ते बघणं ओळखीचं वाटलं, पण नेमकं कुठलं ते तेव्हा आठवलं नाही. त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं, "पोरगी हट्टी होत चालली आहे. अजिबात ऐकत नाही."

"तुमच्यावर गेली," सून म्हणाली.

पुढचे कित्येक दिवस त्या घरात एकच वाक्य फिरत राहिलं. मुंगी ऐकत नाही. तिचं नाव घेतलं तरी वळत नाही, "नाही" म्हटलं तरी थांबत नाही, "बाय बाय कर" म्हटलं की कधी करते, कधी करत नाही. जॉबरांच्या लक्षात आलं, की समोर उभं राहून म्हटलं तर करते आणि पाठीमागून म्हटलं तर करत नाही. आणि मग एका दुपारी ती त्यांच्या मांडीवर बसून कुस्करलेलं केळं खात होती, ते तिच्याशी बोलत होते आणि ती त्यांच्या ओठांवरची नजर हलवत नव्हती, तेव्हा ते बघणं कुठलं आहे हे त्यांना आठवलं. कारखान्यात दोन मागांच्या मधे उभे राहून सगळे विणकर एकमेकांकडे असंच बघत.

लसीसाठी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी विषय काढला. मुलगा बरोबर होता.

"डॉक्टर, ही ऐकत नाही हो."

डॉक्टर हसले. "आजोबा, दहाव्या महिन्यात कोण ऐकतं? 'नाही' म्हटलेलं आता तिला कळायला लागेल, पण थांबणं इतक्यात जमायचं नाही. तुम्ही धोक्याच्या वस्तू उचलून ठेवा आणि तिचं लक्ष दुसरीकडे वळवा. मारू नका."

जॉबरांना चापट आठवली आणि ते मुंगीला उचलून बाहेर आले. आपण काय विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, हे जिना उतरताना त्यांच्या ध्यानात आलं. वर परत जायला हवं होतं. मुलगा घाईत होता, दोन फ्रिज थांबले होते.

"बरोबर सांगितलं त्यांनी," मुलगा म्हणाला. "उगाच पोरीला बोलत असता."

"मी म्हणत होतो, तिला..." जॉबर म्हणाले आणि पुढचे शब्द त्यांनी गिळले. 'ऐकू येत नाही' हे त्या घरात फक्त त्यांच्याविषयी म्हटलं जायचं, आणि ते कुठल्या सुरात म्हटलं जायचं हे त्यांना पाठ होतं. एवढ्याशा पोरीला ते शब्द लावायला जीभ रेटेना. शेवटी दोन दिवसांनी जेवताना बोलले.

"मला वाटतं, हिला ऐकायला कमी येतं."

मुलाने घास खाली ठेवला. "बाबा, स्वतःचं दुखणं पोरीला चिकटवू नका."

"जन्मली तेव्हा तपासणी झाली होती तिची," सून म्हणाली. "दोन्ही कान पास. कागद आहे घरात."

"तेव्हाचं तेव्हा."

"म्हणजे कान काय नापास होतात का मागाहून?"

जॉबरांचे स्वतःचे झाले होते, पण ते मागांमुळे.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर कदाचित आठवड्याभरात त्यांनी कुणालातरी पटवलंही असतं. पण मधेच सेल हरवला. मशीनमधला सेल मसुराच्या डाळीएवढा असतो. जॉबर ते जेवणाच्या टेबलावर बसून बदलत. त्या दिवशी जुना सेल काढून ठेवला, नवा घातला आणि जुना उचलायला गेले तर तो टेबलावर नव्हता. मुंगी टेबलाखाली होती आणि काहीतरी चघळत होती. तोंडात बोट घालून बघितलं तर पावाचा तुकडा निघाला. पण त्याआधी काय गेलं असेल? त्यांनी सुनेला फोन केला. ती खिडकी बंद करून, रांगेतल्या लोकांच्या शिव्या खात आली. असला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळतो, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. दोघं तिला घेऊन दवाखान्यात धावली. एक्स-रे काढला. पोटात काही नव्हतं. घरी आल्यावर सेल जॉबरांच्या दुमडलेल्या बाहीत सापडला.

सूनबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. मशीन आणि सेलांचं पाकीट एका डब्यात गेलं, डबा कपाटावर गेला, आणि मुंगीची तोंडात घालायची सवय जाईपर्यंत तो खाली येणार नव्हता.

"मग मला ऐकू कसं येणार?"

"आम्ही ओरडू," सून ओरडून म्हणाली.

आणि घर पुन्हा ओरडायला लागलं. मुलगा ओरडला, सून ओरडली, जॉबर तर ओरडलेच. तिसऱ्याच दिवशी मुलाने आपल्या मोठ्या आवाजात "मुंगी!" म्हटलं आणि खेळणं टाकून मुंगी गर्रकन वळली. "नाही!" म्हटलं, थांबली. "बाय बाय!" म्हटलं, हात हलवला.

"बघा," मुलगा म्हणाला. "आली ना वळणावर?"

जॉबरांना हे काय चाललंय ते सगळं दिसत होतं. ते लख्ख दिसत होतं, म्हणूनच जास्त चीड येत होती. इतके महिने या पोरीने त्यांच्यासाठी चढवलेला आवाज फुकटात ऐकला होता. मशीन आल्यावर आवाज उतरला तेव्हा ती उघडी पडली, आणि आता पुन्हा झाकली गेली. हे त्यांनी मुलाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण स्वतः ऐकू न येणाऱ्या माणसाने, दुसऱ्याला ऐकू येत नाही हे ओरडून पटवायचं, म्हणजे समोरच्याला हसू येणारच. मुलाला आलं.

मग त्यांनी प्रयोग केला. मुलाला समोर बसवलं, मुंगीला सतरंजीवर, आणि तिच्या पाठीमागे उभं राहून ताटावर पळी हाणली. मुंगी वळली.

"झालं समाधान?"

"पुन्हा." पुन्हा हाणली. पुन्हा वळली. ताट हाणताना आपल्या पायाखाली सतरंजी हलत होती आणि समोरच्या कपाटाच्या काचेत आपला हात दिसत होता, हे जॉबरांच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. तोवर मुलगा अंघोळीला गेला होता, आणि घरात या विषयावर बोलायची सोय उरली नव्हती.

विषय उघडला तो सुनेच्या घशामुळे. खिडकीत बसून दिवसभर बोलायचं, घरी येऊन ओरडायचं, वर सर्दी झाली. घसा बसला. आवाज म्हणून जे उरलं ती नुसती फुसफुस होती. रविवारी ती मुंगीला घेऊन खोलीत बसली होती. मुंगी पाठमोरी बसून वर्तमानपत्राचा कोपरा खात होती. सुनेने हाक मारली. पुन्हा मारली. खोकून पुन्हा मारली. मग उठून तिच्या तोंडातून कागद काढला आणि तणतणत बाहेर आली. जॉबरांना कळावं म्हणून ओठ नीट हलवत म्हणाली, "माझं तर ही अजिबात ऐकत नाही."

"तेच!" जॉबर कडाडले. "तेच सांगतोय मी कधीपासून!"

"तुम्ही म्हणत होता, हट्टी आहे."

"आधी म्हणालो. मग काय म्हणालो?"

सून तिथेच उभी राहिली. मग आत गेली. मुंगीच्या मागे जाऊन, सावली पडणार नाही अशी बसली आणि त्याच बसक्या आवाजात तिचं नाव घेत राहिली. कागदाचा दुसरा कोपरा मुंगीच्या तोंडात गेला. सून बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा ती ओठांनीच म्हणाली, "ऐकत नाही म्हणजे ऐकत नाही, की ऐकू येत नाही?"

जॉबर आत गेले आणि त्यांनी मुंगीच्या तोंडातला कागद काढून घेतला. त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

सोमवारी ती स्वतः डॉक्टरांकडे गेली आणि नेमके शब्द वापरले. डॉक्टरांनी हसणं बाजूला ठेवलं आणि तिला हवी ती माहिती दिली. जन्माच्या वेळी पास झालेलं मूल पुढे कमी ऐकू शकतं. कधी पडद्यामागे पाणी साठतं, ते औषधपाण्याने सुटतं. कधी कारण आत असतं, मग मशीन लागतं. कुठलं आहे ते तपासणीशिवाय कळत नाही, आणि वेळ घालवून चालत नाही, कारण शब्द कानातून आत जातात आणि मगच तोंडात येतात. "आजोबांनी मला सांगितलं होतं बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "मी वेगळं समजलो." त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली.

तर अशी ती आजची तपासणी, दुसऱ्या खेपेची. सव्वाआठला तिघं बसमध्ये चढली. मुलगा कामावर गेला होता. जॉबरांनी घरातून निघताना मशीन मागितलं होतं.

"नको," सून म्हणाली. "मांडीवर असली की ती पहिला तुमचा कानच ओढते. बसमध्ये सेल पडला तर कुठे शोधू?"

ते खरंही होतं. बसमध्ये मुंगीला जागं ठेवण्यासाठी जॉबर तिला खिडकीच्या काचेवर थापट्या मारायला शिकवत होते. डोळे मिटले की ते तिच्या तळपायाला गुदगुल्या करत. ती रडली. पुढच्या सीटवरची बाई मागे वळली.

"अहो, झोप आली आहे तिला. झोपवा ना."

"झोपवायचं नाही."

"अगं बाई! का?"

"तपासणी आहे. झोपेत करायची."

बाईने यावर थोडा विचार केला. "झोपेत करायची, मग झोपवत का नाही?"

"बाबा, सोडा," सून म्हणाली.

केंद्रात तपासणी करणारी बाई तरुण होती आणि तिच्या हालचालीत घाई नव्हती. तिने मुंगीच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. मुंगी रडून रडून लाल झाली. सुनेने दूध पाजलं. मग खोलीतला दिवा मंद करून बाईने विचारलं, "घरी कोण झोपवतं हिला?"

सुनेने सासऱ्यांकडे बोट दाखवलं. मुंगीला झोपवायची जॉबरांची रीत ठरलेली होती. छातीवर पालथी घ्यायची, तिचा गाल आपल्या छातीच्या हाडाशी टेकवायचा आणि तोंड मिटून एकसुरी गुणगुणत राहायचं. गाणं असं काही नव्हतं, मागाच्या मोटरीसारखा एक घोगरा सूर होता. पाच मिनिटांत तिची बोटं सैल पडली. बाईने कानात बारीक नळी बसवली आणि पडद्याकडे वळली.

खोलीत आवाज नव्हता. जॉबर छातीवर पोर घेऊन खुर्चीत ताठ बसले होते. त्यांना पडदा दिसत होता, त्यावरच्या रेघा दिसत होत्या, आणि त्यांचा अर्थ कळत नव्हता. बाईने एकदा मान हलवली. एक बटण फिरवलं. पुन्हा मान हलवली. सून हळूच काहीतरी म्हणाली, बाईने हळूच उत्तर दिलं. दोघींची तोंडं पाठमोरी होती. मागाच्या खडखडाटात ओठ तरी दिसायचे. इथे तेही नाही. जॉबरांनी बराच वेळ दम धरला. बाईने उजव्या कानातली नळी काढली आणि डाव्या कानाकडे हात नेला, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांच्या हिशेबाने ते कुजबुजले.

"काय निघालं?"

मुंगीने दोन्ही हात हवेत फेकले, डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. कपाळावरची तार निघाली.

"बाबा!"

"मी हळू बोललो."

"हळू? रस्त्यावर ऐकू गेलं असेल!"

"मग मशीन का नाही दिलंस? बहिऱ्याला काय कळतं हळू किती ते!"

तो शब्द ते स्वतःविषयी घरातसुद्धा वापरत नसत. तपासणी करणारी बाई खाली वाकून तार उचलत म्हणाली, "एक मात्र कळलं. आजोबांचा आवाज तिला ऐकू येतो." कुणी हसलं नाही, तेव्हा तिने ते पुढे नेलं नाही.

तासभर पुन्हा प्रयत्न झाला. जॉबरांनी छातीवर घेतलं, गुणगुणले, कॉरिडॉरमधे फेऱ्या मारल्या. मुंगीची झोप मोडली ती मोडलीच. तिने भिंतीला धरून उभं राहून दाखवलं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं, बाईच्या चपलेची चव घेतली. शेवटी बाईने तपासणीचं यंत्र बंद केलं.

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," ती सुनेला म्हणाली, आणि मग खुर्ची फिरवून, तोंड जॉबरांसमोर येईल अशी बसून, सावकाश बोलली. "उजवा कान झाला. हळू आवाजाला रेघ येत नाही. साध्या बोलण्याएवढ्या आवाजालाही येत नाही. त्याहून मोठा केला की येते. पडद्यामागे पाणी आहे का, ते वेगळं बघू. डावा कान राहिला. तो झाल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही."

जॉबरांनी प्रत्येक शब्द ओठांवरून घेतला. "म्हणजे आहे," ते म्हणाले.

"उजवीकडे आहे."

सुनेने मुंगीच्या कपाळावरचा चिकट डाग ओल्या बोळ्याने पुसायला घेतला. तो निघत होता, तरी ती पुसत राहिली. "कितीदा हाका मारल्या असतील हिला," ती म्हणाली. ते जॉबरांना ऐकू गेलं नाही आणि तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं नाही.

"उद्या जमेल का?" बाईने विचारलं. "नाहीतर पुढची वेळ तीन आठवड्यांनी आहे."

"उद्याच," जॉबर आणि सून एकदम म्हणाले. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते इतकंच.

सुनेने तिथूनच बसस्थानकावर फोन लावला. उद्याची रजा मिळाली नाही. दोन खेपा झाल्या होत्या, खिडकीत बसायला दुसरं कुणी नव्हतं, आणि साहेबांनी विचारलं, की मुलीला ताप आहे का? ताप नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग घाई कसली? सूनबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला लावला. तो एका गिऱ्हाइकाच्या फ्रिजमागे होता.

"उद्या तू जायचंस."

"मी? मला कुठे झोपवता येतं तिला?"

"झोपवतील बाबा. तू फक्त आत बसायचंस. तोंड बंद ठेवून."

"आणि बाबा?"

सुनेने तपासणी करणाऱ्या बाईकडे बघितलं. बाईने ते आधीच ठरवून टाकलं होतं. आजोबांनी झोपवायचं, झोपली की तिला बापाच्या हातात द्यायचं आणि दाराबाहेर जायचं.

"आणि बाबांच्या कानात मशीन असेल," सून फोनमध्ये म्हणाली. "सेल मी आज रात्री घालून देईन. मुंगीला हातात घेण्याआधी ते तू काढून आपल्या खिशात ठेवायचंस, झोपवून झालं की परत द्यायचंस. कळलं का?"

"बरं, पण ओरडतेस कशाला?" पलीकडून आवाज आला. तो इतका मोठा होता, की बाईच्या टेबलाखाली बसलेल्या मुंगीने मान वर केली.

परतीच्या बसमध्ये मुंगी पहिल्याच थांब्यावर झोपली. तिला उठवायचं काही कारण नव्हतं.

केंद्र उद्या साडेनऊला उघडतं. पहिला नंबर मुंगीचा आहे, फक्त डावा कान.